उपायालाही गाव असते

(पेण आणि रोहा तालुक्यांतील केस व त्वचेच्या घरगुती उपायांच्या संग्रहाची प्रस्तावना)

पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या पट्ट्यात, डोक्यावरून न्हायचे तर आधी पाण्याचा हिशेब करावा लागतो. पेण तालुक्यातल्या वाशी, शिर्की या भागात उन्हाळा लागला की प्यायच्या पाण्यासाठी हंडे घेऊन फिरायची पाळी येते आणि त्याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या नळांना जाते. विहिरीला पाणी असले तरी खाडीच्या शेजाराने ते मचूळ. अशा पाण्यात साबण कितीही घासा, फेस धरत नाही. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला बिलगतात आणि त्याचा पांढरट चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाई-रिठ्याचे तसे होत नाही. त्यांच्यात फेस आणणारे द्रव्य, म्हणजे सॅपोनिन, या क्षारांशी साका करत नाही. त्यामुळे मचूळ पाण्यातही केस मोकळे निघतात. खारेपाटातल्या बाया आठवड्यातून एकदा, मोजक्या तांब्यांत, शिकेकाईने डोके धुवत. त्यात रीतीचा भाग होताच, पण पाण्याचा भाग त्याहून मोठा होता.

या संग्रहाचे सगळे म्हणणे या एका उदाहरणात येते. घरगुती उपायात जिन्नस असतो तसा गावही असतो: तिथले पाणी, तिथली हवा, माणसांचे काम आणि चालू महिना. हे सगळे मागे ठेवून नुसता जिन्नस उचलला की उपाय फसतो, कधी अंगावरही येतो. मुलतानी मातीचेच घ्या. मे महिन्यात घामाने निथळणाऱ्या रोह्याच्या मुलीला ती मानवते, कारण ती तेल आणि ओल शोषून घेते. तीच माती त्याच मुलीने जानेवारीत लावली तर गाल तडतडतात. आज मोबाइलवर रोज एक नवा लेप येतो. त्यात पाव चमचा आणि अर्धा चमचा यांची चर्चा असते. लावणारी बाई कुठे राहते आणि दिवसभर काय करते, हे विचारायला कोणी थांबत नाही. इथे तेवढे विचारायचे ठरवले आहे.

पेण आणि रोहा हे शेजारचे तालुके. प्रदेश काही फार मोठा नाही, पण त्यात माती, पाणी आणि धंद्यांचे प्रकार किती! पेणच्या पश्चिमेला खाडी, मिठागरे आणि खारबंदिस्तीमागची भातशेती. पूर्वेला डोंगर आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. शहरात आणि हमरापूर-जोहे भागात गणपतीचे कारखाने. रोह्याला कुंडलिकेचा काठ, फणसाडच्या बाजूचे रान आणि धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत. पाऊस दोन्हीकडे सारखाच दांडगा, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास. इथल्या त्वचेच्या तक्रारीही मग अशाच वाटून आलेल्या आहेत: शेतात पायांच्या, कारखान्यात हातांच्या, उन्हाळ्यात घामोळ्यांच्या, पावसाळ्यात नायट्याच्या. प्रकरणांची मांडणीही तशीच ठेवली आहे. औषधांच्या अकारविल्हे यादीपेक्षा माणसांची कामे आणि वर्षाचे महिने यांचा क्रम वाचकाला जवळचा वाटेल.

पहिले प्रकरण डोके धुण्याचे. शिकेकाई ही काटेरी वेल सह्याद्रीच्या उतारांवर वाढते. हिवाळा सरता सरता तिच्या शेंगा पिकून वाळतात. डोंगरातल्या बाया त्या गोळा करून, निवडून खाली आणतात. पेणच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या कातकरी बाईच्या पाटीत पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू, उन्हाळ्यात करवंदे, आणि मधल्या दिवसांत शिकेकाईचे वाटे दिसतात. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी कातकरी एक. खैरापासून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा. तो गेला आणि रानातले किडुकमिडुक विकणे उरले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला. केसांच्या निगेवर लिहिताना हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण शिकेकाईची कोणती शेंग घ्यावी, किडकी कशी ओळखावी, कोवळी का तोडू नये, हे ज्ञान त्या पाटीमागे बसलेल्या बाईकडे आहे. आपण तिच्याशी घासाघीस फक्त भावाची करतो.

रोह्याच्या एका घरात पाहिलेली कृती अशी. शेंगा उन्हात इतक्या वाळवायच्या की हलवल्यावर आतले बी खुळखुळले पाहिजे. मग त्या फोडून बी काढून टाकायचे. त्यात आवळकाठी, नागरमोथा, गवला कचोरा, मूठभर मेथी आणि बी काढलेल्या रिठ्याची थोडी टरफले. रिठा बेतानेच, कारण तो जास्त झाला तर केस राठ होतात. सुनेने हे सगळे मिक्सरला लावून पीठ करायला घेतले तेव्हा आजी म्हणाल्या, "इतकी बारीक नको गो करू. भरडच ठेव. पिठासारखी केलीस की फडक्यातून उतरते नि डोक्यात बसते, मग चार दिवस झटकत बस." भरड रात्री भिजत घालून सकाळी मंद आचेवर उकळायची, फेस वर चढू लागला की उतरवायची आणि जुन्या धुवट लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. कढई लोखंडी घेतली तर आवळ्यामुळे काढा काळा होतो. केस काळे दिसावेत म्हणून काही घरी मुद्दाम लोखंडीच घेतात. डोळे घट्ट मिटून घ्यायचे, कारण शिकेकाई डोळ्यांत गेली की माणूस न्हाणीतून ओरडत बाहेर येतो. गाळून उरलेला चोथा चांदीची निरांजने घासायला बाजूला ठेवला जातो. वाया काही जात नाही.

यात शास्त्र किती? बरेच आहे. अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, तर त्वचेचा साधारण ४.५ ते ५.५. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. अशा पाण्यात केसावरची खवल्यांची कवचे मिटून बसतात आणि केस कमी गुंततो. शिवाय शिकेकाई तेल पूर्ण काढत नाही, थोडे मागे ठेवते. शॅम्पूने केस कोरडे होऊन करकरू लागले म्हणजे स्वच्छ झाले, अशी ज्यांची समजूत झाली आहे त्यांना शिकेकाईने न्हाल्यावर केस तेलकटच वाटतील. त्यात शिकेकाईचा दोष नाही. पण ज्याला रोज हेल्मेट घालून पेणहून वडखळला जायचे आहे, धुळीने डोके भरते, त्याने सौम्य शॅम्पू वापरला तर आजीचा अपमान होत नाही, हेही आम्ही स्पष्ट लिहिले आहे.

तेलाचे प्रकरण सर्वांत मोठे आहे. कोकणात तेल म्हणजे खोबरेल, आणि त्याचे कारण परसात उभे असते. घाटावर तीळ, करडई, भुईमूग. त्यांची तेले वेगळी, सवयी वेगळ्या. खोबरेलाच्या बाबतीत मात्र कोकणच्या सवयीला प्रयोगशाळेचा चांगला आधार मिळाला आहे. मॅरिको या मुंबईच्या कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याने केसातले प्रथिन झिजते. ती झीज खोबरेलाने कमी झाली, इतर दोन तेलांनी फारशी नाही. खोबरेलातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचे असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच हा अभ्यास वाचायचा. तरी त्यातली एक गोष्ट आपल्या न्हाणीशी नेमकी जुळते: न्हाण्याच्या आधी लावलेल्या तेलाचा उपयोग आहे, कारण ते केसाला पाण्याने फुगण्यापासून सांभाळते. आदल्या रात्री चंपी करून सकाळी न्हायची रीत वाया गेलेली नाही.

पण तेलाने केस उगवतात का? इथे सावध व्हायला हवे. माका, ब्राह्मी, जास्वंद घालून उकळलेली तेले इथे घरोघरी आहेत आणि प्रत्येकीच्या तेलाने कोणाचे तरी केस परत आलेले असतात. यातली बरीच उदाहरणे बाळंतिणींची असतात. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात, कारण गरोदरपणात टिकून राहिलेले केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. टायफॉइड, डेंग्यू अशा मोठ्या तापानंतरही हेच घडते. पुढच्या सहा महिन्यांत, वर्षभरात बहुतेकींचे केस आपोआप भरतात. त्या काळात जे तेल लावले असेल त्याला श्रेय मिळते आणि ते तेल नातलगांत फिरू लागते. लावू नये असे नाही. डोक्याला मऊ हात लागतो, झोप येते, केस तुटत नाहीत, आणि बाळंतिणीच्या डोक्याशी कोणी अर्धा तास बसते हेच मोठे औषध. पण केस गळतच राहिले तर तेल बदलण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. भात-मासे पोटभर मिळाले तरी लोह कमी असलेल्या बाया या पट्ट्यात काही थोड्या नाहीत.

कोंड्याचेही असेच. कोंडा झाला की इथे पहिला उपाय तेल थापण्याचा. कोंडा ज्या सूक्ष्म बुरशीमुळे वाढतो तिला डोक्यावरचा तेलकटपणाच पोसतो. म्हणून कोंड्यात रात्रभर तेल ठेवणे इथल्या दमट हवेत उलटच पडते. दोन-चार आठवडे तेल बंद करून डोके वरचेवर धुवावे, तरी न गेल्यास औषधी शॅम्पू आणावा, असे आम्ही म्हटले आहे. काही घरांतल्या वडीलधाऱ्या मंडळींना ते आवडणार नाही, याची कल्पना आहे.

जास्वंदाविषयी मात्र सगळ्यांचे एकमत होते. पेण हे गणपतीचे गाव, त्यामुळे तांबडी जास्वंद नाही असे अंगण शोधावे लागेल. फुले देवाला जातात आणि पाने केसांना येतात. पाने कुस्करून पाण्यात चोळली की बुळबुळीत रस सुटतो. तो केसांवर पातळ थर देतो आणि फणी अडकत नाही. बाजारच्या कंडिशनरचे काम याहून फार निराळे नसते. केस वाढवण्याचा दावा जास्वंदावर लादायची गरजच नाही.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत त्वचेचा कस लागतो. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी शोषून घट्ट होणे हा त्याचा धर्म आणि तो हातातली ओलही सोडत नाही. साच्यातून मूर्ती काढणाऱ्या, घासकाम करणाऱ्या माणसाचे तळहात पाहा. रेषांत पांढरी भुकटी मुरलेली, बोटांच्या पेरांवर बारीक चिरा, नखांच्या कडा उललेल्या. शाडूचे काम त्या मानाने हाताला सुखाचे, पण शाडूही वाळताना त्वचा ओढते. त्यात रंग काढायला रॉकेल किंवा थिनर वापरले की त्वचेचे स्वतःचे तेलही जाते. कामाला बसण्याआधी हाताला तेल लावा, हा सल्ला इथे चालत नाही: तेलकट बोट मूर्तीला लागले की त्या जागी रंग धरत नाही. म्हणून कारागिरांनी स्वतःची रीत बसवली आहे. रंग आधी तेलाच्या बोळ्याने सोडवायचा, मग साध्या साबणाने हात धुवायचे, आणि हात ओलसर असतानाच कोकमाचे तेल चोळून झोपायचे. ओलसर हातावर तेल लावण्याने आत असलेली ओल कोंडून राहते. कोरड्या ठणठणीत हातावर तेच तेल अर्धेही काम देत नाही.

कोकमाच्या तेलाला तेल म्हणायचे एवढेच, ते मुळात घट्ट असते. उन्हाळ्यात आमसुले करताना उरलेल्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर येणारा तवंग काढून थंड केला की फिकट पिवळसर गोळा होतो. खोबरेल २४-२५ अंशांना पातळ होते; कोकमाचे तेल मात्र कोकणच्या भर उन्हाळ्यातही बहुधा घट्टच राहते. म्हणून टाचेच्या भेगेत ते टिकते, वाहून जात नाही. वापरताना पळीत किंवा तव्यावर जरासे कढवतात आणि कोमट असताना भेगेत भरतात. परदेशी क्रीमच्या डबीवर घटकांच्या यादीत हेच कोकम बटर छापलेले दिसते.

पावसाळ्याचे प्रकरण बहुतेक पायांचे आहे. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात: त्वचा पांढरी, भिजलेली, मग फाटलेली. इथे रात्री पाय धुऊन, बेचक्या कोरड्या पुसून मेंदीचा पाला वाटून भरतात. मेंदी बुरशीला आवरते आणि त्वचेला थोडे राठ करते, म्हणून लावणीला जाण्याच्या आधीपासूनच ती लावणाऱ्या बाया शहाण्या. सगळ्यात महत्त्वाचे काम मात्र मेंदीचे नाही, कोरडे पुसण्याचे आहे. ज्याला मधुमेह आहे त्याने पायाच्या भेगांवर आणि चिखल्यांवर घरचे काही करत बसू नये, सरळ दवाखान्यात जावे. हे वाक्य पुस्तकात ठळक टाइपात छापले आहे.

नायट्यावर टाकळा. आषाढात भाजी म्हणून खायचा, आणि त्याचे बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावायचे, ही रीत जुनी आहे. संस्कृतात टाकळ्याला दद्रुघ्न म्हणतात, त्यावरून ती किती जुनी ते समजावे. त्याच्या बियांत बुरशीला मारक अशी द्रव्ये आहेत, हेही खरे. पण आजचा नायटा आजीच्या काळचा राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत देशभर औषधांना न जुमानणारा नायटा पसरला आहे आणि त्याला खतपाणी घातले ते स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी. दुकानात "खाजेचे मलम द्या" म्हटले की मिळणारी ट्यूब दोन दिवसांत खाज थांबवते, लाली जाते, आणि बुरशी मात्र खाली पसरत राहते. घरातल्या चौघांचा टॉवेल एक, पावसात कपडे दमटच, मग नायटा घरभर फिरतो. टाकळा लावा अथवा न लावा, टॉवेल वेगळे करा, कपडे उन्हात किंवा इस्त्रीने पुरते वाळवा आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध दिलेले सगळे दिवस घ्या.

धाटावच्या वसाहतीत काम करणाऱ्यांच्या घरून एक प्रश्न हमखास येतो: रसायन अंगावर उडाले तर कोरफड लावावी का? नाही. आधी नळाखाली धरावे, भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे, कपडे काढावेत आणि डॉक्टरांकडे जावे. कोरफडीचा गर उन्हाने भाजलेल्या कातडीला गारवा देतो; आम्ल किंवा अल्कलीशी त्याचे काही चालत नाही. कोरफड कापल्यावर आधी गळणारा पिवळा चीकही धुऊन टाकायचा असतो, नाहीतर त्यानेच खाज उठते.

इथून आम्ही नकोशा गोष्टींच्या प्रकरणाकडे येतो, आणि खरे तर वाचकांनी ते आधी वाचावे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे समजणाऱ्याने एकदा बिब्ब्याकडे पाहावे. बिब्बा रानातलाच, शंभर टक्के नैसर्गिक. आणि तो उतला की अंगावर भाजल्यासारखे फोड येतात. टाचेच्या भेगेत बिब्ब्याचे तेल भरायची रीत अजून काही घरांत आहे. ती या संग्रहात नोंदवली आहे, पण करू नका, या शेऱ्यासकट. दुसरी गोष्ट सीताफळाच्या बियांची. उवांवर बियांची पूड लावतात, उवा मरतातही. पण ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, आणि लहान मुलीच्या डोक्यावरून ती डोळ्यांत जायला किती वेळ लागतो? उवांना दाट दातांची फणी आणि चिकाटी पुरते.

तिसरे लिंबू. चेहरा उजळण्यासाठी लिंबू चोळण्याचा सल्ला आज सर्वांत जास्त दिला जातो. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, म्हणजे त्वचेच्या मानाने फारच आम्ल. शिवाय लिंबू चोळून उन्हात गेले तर त्यातल्या काही द्रव्यांमुळे त्वचा भाजते आणि काळे डाग पडतात, जे महिनोन्महिने जात नाहीत. गोरे व्हायला निघालेली मुलगी डाग घेऊन येते. चौथी काळी मेंदी. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस-केशरी. झटकन काळीकुट्ट चढणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडी हे रसायन असते आणि त्याने कोणाकोणाचे हात, कपाळ, डोळे सुजतात. पाचवा कांद्याचा रस. इराकमध्ये झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात चाई पडलेल्या जागी कांद्याच्या रसाने केस आल्याचे म्हटले होते. चाई हा वेगळा आजार आहे आणि तो पुष्कळदा आपोआपही बरा होतो. त्या एका लहान अभ्यासावर सगळ्या केसगळतीसाठी कांद्याची तेले विकली जातात. शेजारचा अलिबागचा पांढरा कांदा जेवणात उत्तम. डोक्यावर त्याने खाज आणि वास एवढे नक्की मिळते.

गोरेपणाविषयी दोन शब्द. आमच्याकडे आलेल्या कृतींपैकी पुष्कळ कृतींच्या डोक्यावर "रंग उजळण्यासाठी" असे लिहिलेले होते. आम्ही ते काढून त्या जागी लेप प्रत्यक्षात करतो ते लिहिले: मळ काढणे, घामोळे शमवणे, कोरडेपणा घालवणे. भारतात १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातला "फेअर" २०२० मध्ये काढून टाकला. घरातल्या मोठ्यांच्या तोंडून तो जायला जरा जास्त वेळ लागेल. खारेपाटात उन्हात राबणाऱ्या बाईची कातडी सावळी असणे हे तिचे संरक्षण आहे. ते पुसायला निघालेल्या बेनामी क्रीममध्ये पारा निघाल्याची आणि त्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणे महाराष्ट्रातही घडली आहेत.

लहान मुलांच्या प्रकरणात तेल चोळण्याची रीत आम्ही मनापासून ठेवली आहे. बाळाच्या अंगाला कोमट खोबरेल, हलका हात, मग ऊन पाणी. मात्र लव काढण्यासाठी पिठाचा गोळा घासणे आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देणे या दोन गोष्टी गाळायला सांगितल्या आहेत. लव आपोआप झडते. कोवळी कातडी सोलली तर जंतूंना वाट मिळते. धुराने बाळाचा श्वास कोंडतो, वावडिंग-ओव्याचा असला तरी धूर तो धूरच.

दिवाळीचे उटणे या पुस्तकात मानाच्या जागी आहे. नरक चतुर्दशीला पहाटे तेल लावून, उटणे चोळून, कारीट फोडून न्हायचे, हे सगळ्यांना ठाऊक. पण तो दिवस वर्षात कुठे येतो ते पाहा. पाऊस सरलेला, हवेतली ओल उतरलेली, भातकापणीत भाताच्या कुसाने हातपाय खाजणारे. चार महिने दमटात राहिलेल्या कातडीला नेमके त्याच सुमारास तेल लागू लागते. हे ज्यांनी बसवले त्यांना बाष्पीभवनाचे गणित मांडता आले नसेल, ऋतू मात्र पुरता कळलेला होता.

आता एक प्रश्न उरतो: हे सगळे घरोघरी माहीत असताना लिहून कशाला ठेवायचे? याचे उत्तर हळदीने दिले आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिळाले. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात होत असलेली गोष्ट! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक होते. संस्थेने १९९६ मध्ये आव्हान दिले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पण "आमची आजी लावायची" एवढ्यावर ते रद्द झाले नाही. जुने ग्रंथ आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेख असे छापील पुरावे मांडावे लागले. लिहिलेले ज्ञान कचेरीत उभे राहते. नुसते तोंडी असलेले बाहेरच थांबते. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला १८७२ पासून धूतपापेश्वरचा औषधी कारखाना आहे. वैद्यांचे ग्रंथ, पाठ आणि प्रमाणे तिथे कागदावर आली आणि म्हणून टिकली. स्वयंपाकघरातली आणि रानातली प्रमाणे मात्र हाताच्या अंदाजाने चालली, म्हणून एका पिढीत बिघडली.

म्हणून इथली प्रत्येक नोंद एकाच साच्यात दिली आहे: जिन्नस, प्रमाण, कृती, कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाच्या माणसासाठी, किती दिवस, आणि कोणी करू नये. ज्याला शास्त्राचा आधार आहे तिथे तो सांगितला आहे. जिथे फक्त घरांचा अनुभव आहे तिथे तसे म्हटले आहे. कोणताही लेप पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून एक दिवस थांबावे. पांढरे डाग, न भरणारी जखम, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, पू, ताप, बधिर झालेला चट्टा यांपैकी काही असेल तर हे पुस्तक मिटावे आणि डॉक्टरांकडे जावे. बधिर चट्ट्याची तपासणी आणि कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो.

ज्या आजींनी, मावश्यांनी, वहिनींनी आणि कारागीर भावांनी आपल्या रीती सांगितल्या त्यांनी नावे छापू नका असे बजावले, म्हणून ती छापलेली नाहीत. त्यांच्यापैकी काहींच्या रीतींना इथे "करू नका" असा शेरा मिळाला आहे. त्यांनी राग धरू नये. तो शेरा त्यांच्या नातवंडांसाठी आहे.

शेवटी काही पाने कोरी सोडली आहेत. तिथे आपल्या घरची रीत लिहावी, पण नुसती "हळद लावावी" अशी नको. किती हळद, कशात, कोणत्या पाण्यात, कोणाला, कुठल्या महिन्यात, हे सगळे लिहावे. आणि ज्याला सोसले नाही त्याचीही नोंद करावी. सोसल्याची गोष्ट घरातले सगळेच सांगत राहतात. न सोसल्याची कोणी लिहून ठेवत नाही, आणि पुढच्या सुनेला नेमकी तीच लागते.